विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातली कामं : कोण नेमकं काय करतं?

अभ्रकपान

विद्यापीठांच्या कलासंग्रहालयांच्या जाहिरातींत पदांची लांबलचक यादी असते. रजिस्ट्रार, कलेक्शन असिस्टंट, प्रिपरेटर, कॉन्झर्वेटर, शैक्षणिक समन्वयक, दालन परिचर... क्युरेटरचं काम साधारण ठाऊक असतं, बाकीच्यांपुढे 'संग्रहाची निगा राखणे व वरिष्ठ सांगतील ती कामे' एवढंच. कलेतिहास, ललितकला, ग्रंथालयशास्त्र शिकणारे बरेच जण अर्ज करण्याआधी इथे विचारतात. जाणकारांनी लिहावं. आठवणी नकोत, पद्धत हवी : हातात काय असतं, काय मोजतात, कुठे चुकतं. मोठ्या सार्वजनिक संग्रहालयापेक्षा विद्यापीठात काय वेगळं पडतं, तेही.

दोन_बी

रजिस्ट्रारपासून सुरू करू. (संग्रहालयाचा रजिस्ट्रार, विद्यापीठाचे कुलसचिव वेगळे.) वस्तू कोणाची, कुठून आली, आत्ता कुठे आहे आणि कशा अवस्थेत आहे, या चार प्रश्नांना कधीही उत्तर देता येणं म्हणजे हे पद.

वस्तू दारातून आत आली की आधी तात्पुरता क्रमांक आणि पावती : देणाऱ्याचं नाव, कशासाठी आणली (दान, उसनी, की नुसती बघायला), परत कधी न्यायची. समितीने स्वीकारली आणि दानपत्रावर सही झाली की मगच कायमचा नोंदक्रमांक. २०२४.५.१२ म्हणजे २०२४ सालच्या पाचव्या खेपेतली बारावी वस्तू. झाकणाचं भांडं असेल तर भांडं 'अ', झाकण 'आ', आणि क्रमांक दोन्हींवर घालायचा. झाकणं हरवतात ती याच कंटाळ्यामुळे.

क्रमांक कसा घालायचा हे सामानावर अवलंबून. कागदावर मऊ पेन्सिलने, मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात. कागद कडक सपाट पृष्ठभागावर ठेवून आणि हात हलका ठेवून, नाहीतर अक्षरं पुढून उमटतात. कापडाला नंबर लिहिलेली सुती फीत दोन-चार सैल टाक्यांनी, सुई धाग्यांमधून घालून. धागा टोचायचा नाही. दगड, धातू, चकाकीचं मातीकाम यांना पॅरालॉइड बी-७२चा (अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणारी पारदर्शक राळ) पातळ थर, तो पूर्ण वाळला की रंगद्रव्याची शाई, वर संरक्षक थर. वरचा थरही त्याच अ‍ॅसिटोनमधल्या बी-७२चा दिला आणि ब्रश दोनदा फिरला की शाई पसरते. म्हणून बरेच जण वर बी-६७ वापरतात, त्याचा द्रावक वेगळा असतो. प्लास्टिकवर यातलं काहीच नाही, अ‍ॅसिटोन त्याला विरघळवतं. तिथे दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. तळ घासला जातो तिथे, तुटलेल्या कडेवर आणि सहीजवळ क्रमांक घालत नाहीत.

यापेक्षा अवघड काम मात्र जागेच्या नोंदीचं. वस्तू कपाटातून काढली की रिकाम्या जागी चिठ्ठी : क्रमांक, तारीख, कुठे नेली, कोणी. डेटाबेसमध्ये बदल त्याच दिवशी, आणि तो हलवणाऱ्यानेच करायचा. 'संध्याकाळी रजिस्ट्रारला सांगतो' म्हटलं की नोंद राहिलीच. विद्यापीठात वस्तू सतत वर्गासाठी बाहेर पडतात, त्यामुळे ही शिस्त इथे दुप्पट लागते. पडताळणीही दोन्ही दिशांनी हवी : यादीतली वस्तू कपाटात आहे का, आणि कपाटातली यादीत आहे का. पहिलीच केली तर बिननंबरी वस्तू वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात.

पाणसळ

वरच्याला जोडून प्रिपरेटरचं. चित्र टांगणं, स्टँड बनवणं, पॅकिंग, क्रेट, दिवे लावणं, भिंती रंगवणं हे सगळं त्यात येतं.

टांगण्याचं गणित एकदा पाठ करा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५२ सें.मी. ठेवतात; एका दालनात एकच उंची. समजा मध्य १५०. चित्र चौकटीसकट ८४ सें.मी. उंच, म्हणजे अर्धं ४२. वरची कड आली १९२वर. मागच्या डी-रिंगचा (चौकटीला लावलेली टांगायची कडी) आधारबिंदू वरच्या कडेपासून १३ सें.मी. खाली, म्हणजे हूकचा आधार १७९वर. यातली नेहमीची चूक म्हणजे १७९वर खिळ्याचं भोक पाडणं. रिंग बसते हूकच्या वळणात, भोक त्याच्या वर असतं. तेवढे मिलिमीटर धरले नाहीत तर शेजारच्या चित्रापेक्षा हे चित्र खाली बसतं आणि सगळी रांग बिघडलेली दिसते.

एका हूकवर तार टाकून टांगू नये. दोन डी-रिंग, दोन हूक, आणि खाली चोरीरोधक अडकण. तारेवर चित्र सरकतं आणि तार सैलावते. भिंत कशाची आहे ते आधी ठोकून बघा. पोकळ पार्टिशनला वेगळा अँकर, विटेला भोक पाडून प्लग. भोकं पाडण्याचं काम चित्र दालनात यायच्या आधी उरकायचं, कारण तो चुना-विटांचा धुरळा उघड्या रंगावर बसला की निघत नाही.

उचलण्याचे नियम साधे, पण पाळले जात नाहीत. ठेवायची जागा आधी रिकामी करा, वाटेतल्या दारांची रुंदी मोजा, मग हात लावा. चित्राला एक हात खालून, एक बाजूने. वरच्या पट्टीला धरून उचललं की सांधे निखळतात. भांडं कधीच कानाने किंवा काठाने धरायचं नाही, ते नेमके जुन्या दुरुस्तीचे भाग असतात. काच लावलेलं चित्र प्रवासाला निघालं तर काचेवर चिकटपट्टीची जाळी करतात, काच फुटली तरी तुकडे चित्रावर पडू नयेत म्हणून. ही जाळी अ‍ॅक्रिलिकवर (काचेऐवजी लावतात ते पारदर्शक प्लास्टिक) करायची नाही, डाग पडतो. आणि पेस्टल-कोळशाच्या चित्रावर अ‍ॅक्रिलिक लावायचंच नाही. त्याची स्थिर वीज रंगाची पूड ओढून घेते.

कडुलिंब_४२

हातमोजे? फोटोत तर सगळे पांढरे सुती घालतात.

पाणसळ

फोटोपुरते बरे. सुती हातमोज्यात काच आणि चकाकीचं भांडं निसटतं, खडबडीत लाकडाचे कुसळ अडकतात, कागदाची कड जाणवत नाही. धातू, छायाचित्रं, लाखकाम, सोनेरी मुलाम्याची चौकट यांना नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे). कागद आणि पुस्तकं धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या हातांनी. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल काढून ठेवणं हातमोज्यांपेक्षा महत्त्वाचं.

सावलीची_बाजू

कॉन्झर्वेटरच्या (वस्तूंचं जतन आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या) बाजूने प्रकाशावर लिहितो, कारण विद्यापीठात सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

कागद, कापड, जलरंग, जुनी छायाचित्रं यांना ५० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप); तैलचित्रांना १५० ते २००. पण लक्सचा आकडा अर्धाच. खरा हिशेब लक्स-तासांचा. ५० लक्स, रोज ८ तास, आठवड्याला ६ दिवस, १२ आठवडे म्हणजे २८,८०० लक्स-तास. आता तेच मुद्राचित्र अभ्यासखोलीत टेबलावर ५०० लक्सच्या दिव्याखाली एक तास ठेवलं, तर तो एक तास प्रदर्शनातल्या १० तासांइतका. एखादं लाडकं चित्र पाच प्राध्यापक दर सत्रात मागतात, आणि 'ते तर कपाटातच असतं' म्हणून कोणी मोजत नाही. प्रत्येक वर्गाची वेळ आणि टेबलावरचं लक्स मागणीच्या फॉर्मवरच लिहून घ्यावं. दोन वर्गांच्या मधल्या वेळात चित्रावर झाकण.

उदाहरण विद्यापीठातलंच आहे. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोची पाच मोठी चित्रं हार्वर्डच्या होल्योक सेंटरमधल्या भोजनगृहात १९६४ साली लागली. खिडक्या मोठ्या, पडदे उघडे, आणि रंगात लिथॉल रेड हे प्रकाशाला अतिशय हळवं रंगद्रव्य. किरमिजी उडून गेला आणि १९७९ साली चित्रं साठवणीत गेली. त्यांच्यावर पुन्हा रंग चढवणं शक्य नव्हतं. २०१४ साली ती प्रदर्शनात मांडली तेव्हा प्रोजेक्टरने रंगीत प्रकाश टाकून उडालेला रंग दाखवला. प्रोजेक्टर बंद की चित्र पुन्हा फिकं.

स्थितीअहवाल हेही आमच्या आणि रजिस्ट्रारच्या मधलं काम. उसनवारीत तो चार वेळा होतो : निघताना, पोचल्यावर, परत पॅक करताना, घरी आल्यावर. विजेरी बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरली की उचललेला रंग दिसतो. 'स्थिती चांगली' या शब्दांचा उपयोग शून्य. 'वरच्या कडेपासून ४ सें.मी. खाली, डाव्या कडेपासून ७ सें.मी. आत, ११ मि.मी. आडवी चीर, कडा उचललेल्या' असं लिहा आणि फोटोवर खूण करा. डावं-उजवं बघणाऱ्याचं की मूर्तीचं, हे अहवालाच्या माथ्यावर एकदाच ठरवून टाका. दोन संस्थांचे अहवाल जुळत नाहीत ते बहुतेक याच्यामुळे. बाहेरून आलेला क्रेट २४ तास न उघडता आतल्या हवेत ठेवायचा, हेही ट्रकवाला घाई करत असताना सांगायची तयारी लागते.

टेबल_क्र_३

शैक्षणिक समन्वयकाचं पद सार्वजनिक संग्रहालयात शाळांच्या सहलींभोवती फिरतं. विद्यापीठात ते वेळापत्रकाभोवती. काम म्हणजे प्राध्यापकाच्या 'काहीतरी दाखवा'मधून सहा वस्तूंची यादी काढणं.

मागणी किमान दोन आठवडे आधी लागते, कारण ती यादी क्युरेटर बघतो, कॉन्झर्वेटर बघतो, मग साठवणीतून वस्तू काढायच्या, नोंदवायच्या, आधार लावून मांडायच्या. तासाभराच्या वर्गाला ५ ते ८ वस्तू, एका टेबलाभोवती १२-१५ विद्यार्थी. २० वस्तूंची यादी आली की प्राध्यापकांना विचारायचं, प्रत्येक वस्तूपुढे तीनच मिनिटं मिळतील, चालेल? यादी आपोआप आटते. चाळीस जणांचा वर्ग असेल तर दोन गट, अर्धे दालनात, अर्धे टेबलाशी, मध्यावर अदलाबदल.

खोलीत फक्त पेन्सिल. पिशव्या, बाटल्या बाहेर. आणि एक गोष्ट नियमांच्या फलकावर सहसा नसते : गळ्यातलं ओळखपत्र. वाकून बघताना ते थेट चित्रावर लोंबतं. शर्टाच्या खिशात किंवा पाठीवर.

कलेतर विभागांना आणणं हा या पदाचा सगळ्यात रंजक भाग. येलमध्ये त्वचारोगतज्ज्ञ अर्विन ब्रेव्हरमन आणि येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टच्या लिंडा फ्रीडलेंडर यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रांसमोर उभं करून आधी फक्त दिसतं ते सांगायला लावलं, अर्थ नंतर. निरीक्षणात सुधारणा झाल्याचे निष्कर्ष २००१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. चर्चा चालवायला व्हिज्युअल थिंकिंग स्ट्रॅटेजीज या चित्र बघून बोलायच्या पद्धतीचे तीन प्रश्न बहुतेक ठिकाणी वापरतात : या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणता? आणखी काय सापडतं? दुसरा प्रश्न गाळला की वर्ग अंदाजपंचे दाहोदरसे सुरू होतो. चालवणाऱ्याने पहिल्या दहा मिनिटांत चित्रकाराचं नाव सांगून टाकलं तरी तेच, सगळे फोनकडे वळतात.

अभ्रकपान

उत्तम चाललंय. दालन परिचर आणि सुरक्षेवर कोणी लिहील का? विद्यार्थ्यांना अर्धवेळ नोकरी मिळते ती बहुतेक तीच.

चौथा_कोपरा

लिहितो. लोकांना वाटतं खुर्चीवर बसून राहायचं. दार उघडायच्या आधी छापील फोटोयादी घेऊन प्रत्येक वस्तू बघायची : जागेवर आहे का, हलली आहे का, चौकटीखाली नवी भुकटी किंवा रंगाचा कण आहे का, छताला ओल आहे का. साठवणीतली वस्तू महिनोन्‌महिने कोणी बघत नाही, दालनातली परिचर रोज बघतो. त्यामुळे पहिली खबर त्याचीच असते. वही हवी, आणि वहीतली नोंद रजिस्ट्रारने त्याच दिवशी वाचायला हवी.

उभं राहायची जागा म्हणजे जिथून दोन्ही दारं आणि जास्तीत जास्त वस्तू दिसतात ती. बदली माणूस खोलीत आल्याशिवाय खोली सोडायची नाही, शौचालयासाठीसुद्धा. पाठीवरची सॅक पोटावर घ्यायला लावायची. वळताना तिचा धक्का लागतो हे वाहणाऱ्याला कळतच नाही. बोट पुढे आलेल्या माणसाला ओरडायचं नाही, दचकून तो पुढेच झुकतो. बाजूने जाऊन हळू आवाजात 'थोडं मागे याल का' पुरतं.

मांडणीच चुकलेली असेल तर परिचर काय करणार? २००६च्या जानेवारीत केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात जिन्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या चीनच्या चिंग राजवटीतल्या तीन मोठ्या फुलदाण्या एका पाहुण्याचा पाय अडखळल्यामुळे फुटल्या. दुरुस्ती झाली, पण जिन्यावर सुट्टी वस्तू ठेवणं हा निर्णय परिचराचा नसतो. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियनमधून ३१ डिसेंबर १९९९च्या रात्री फ्रेंच चित्रकार सेझानचं चित्र चोरीला गेलं ते शेजारच्या बांधकामाच्या परांचीवरून, छतातून, बाहेर आतषबाजी चालू असताना. आत धुराची नळकांडी फोडलेली, त्यामुळे कॅमेऱ्यांना काही दिसलं नाही. चित्र अजून सापडलेलं नाही. विद्यापीठाच्या आवारात कुठल्या ना कुठल्या इमारतीला परांची असतेच. ती लागायच्या आधी संग्रहालयाला कळवलं जातं का, हे विचारून ठेवा.

अवांतर : परीक्षा आली की विद्यार्थी-परिचर गायब होतात, आणि नेमकी तेव्हाच पदवी प्रदर्शनाची मांडणी असते. सत्राच्या पहिल्या आठवड्यातच परीक्षेच्या तारखा घेऊन पाळ्या लावाव्यात.

सावलीची_बाजू

सहमत. त्यात इमारत विभागाची भर घालतो. विद्यापीठाला सुट्टी लागली की वीज वाचवायला वातानुकूलन बंद होतं, संग्रहालय असलेल्या इमारतीचंही. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की बुरशी धरते. आणि एका दिवसात वीस टक्क्यांची उडी लाकडी फळीवरच्या चित्राला संथ बदलापेक्षा जास्त घातक असते. डेटा लॉगर (तापमान-आर्द्रता आपोआप नोंदवणारं यंत्र) दर खोलीत, आकडे दर आठवड्याला उतरवून आलेखावर बघायचे. इमारत विभागाकडे 'चित्रं खराब होतील' असं पत्र पाठवून काही होत नाही. वातानुकूलनाचे पंखे कोणत्या तारखेला किती वाजता बंद झाले आणि त्याच तासाला आर्द्रता कशी चढली, हा आलेख पाठवला की दखल घेतात. छतातून जाणारे पाण्याचे पाइप आणि त्यांचे बंद करायचे कॉक कुठे आहेत, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत हवं. भिजलेल्या कागदाला बुरशीच्या आधी मिळतात ते साधारण ४८ तास. वाळवणं जमणार नसेल तर गोठवून ठेवतात.

कसर_आणि_कंपनी

कलेक्शन असिस्टंटचं काम अर्धं किड्यांचं आहे, ते जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

चिकट सापळे भिंतीला लागून, दाराच्या दोन्ही बाजूंना, कपाटांखाली. सापळ्याला क्रमांक आणि नकाशावर जागा. महिन्याला मोजणी. सापळ्याने कीड मरत नाही, कुठून येते ते कळतं. कसर वाढली तर ओल शोधा, कार्पेट बीटल वाढले तर लोकर, पिसं किंवा खिडकीतले मेलेले किडे. लाकडाखाली ताजा, फिकट भुसा दिसला तर भुंगा जिवंत आहे.

संशयित कापड, टोपली, पुस्तक पॉलिथिनमध्ये घट्ट बंद करून हवा काढायची आणि उणे २० अंशांत एक आठवडा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, किमान २४ तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. नाहीतर ओलावा वस्तूवरच धरतो. घरगुती फ्रीजर हळू थंड होतो, त्यामुळे किडे जुळवून घेतात, म्हणून आधीच पूर्ण थंड केलेल्या फ्रीजरमध्ये आणि खच्चून न भरता. कॅनव्हासवरची चित्रं, काच आणि हस्तिदंत यात घालत नाहीत.

साठवणीचं सामानही यांच्याच हाती. आम्लरहित टिश्यू, पॉलिथिलीन फोम, पॉलिएस्टर फिल्म चालते. पीव्हीसी, रबरबँड, लोकरी फेल्ट चालत नाही. फेल्टमधल्या गंधकाने चांदी काळी पडते. ओक आणि प्लायवूडच्या आम्ल वाफांनी शिशाला पांढरा क्षार चढतो. नवं सामान घ्यायच्या आधी ऑडी टेस्ट : चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्यांसोबत ओलसर बंद बाटलीत ६० अंशांत २८ दिवस. जमिनीपासून किमान १०-१५ सें.मी. वर सगळं, पाणी नेहमी खालूनच येतं असं नाही, पण आलं की साचतं तिथेच.

कडुलिंब_४२

मग क्युरेटर करतो काय? :)

गिलावा

बैठका. आणि लेबलं. ६०-७५ शब्दांत चित्राकडे परत बघायला लावणं सोपं नसतं. 'या कलाकाराचा जन्म...' ने सुरू झालेलं लेबल कोणी संपवत नाही. खरं वजनदार काम मालकीच्या साखळीचं आहे : युरोपीय चित्राची १९३३ ते १९४५ या नाझी राजवटीच्या काळात कोणाकडे मालकी होती, पुरावस्तू १९७०च्या (सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या) युनेस्को करारानंतर देशाबाहेर गेली का. उत्तर मिळालं नाही तर रिकामी जागा नोंदीत रिकामीच दाखवायची. वाक्य गुळगुळीत करून ती झाकली की पुढच्या संशोधकाची दिशाभूल होते.

विद्यापीठात क्युरेटरला आणि संचालकाला आणखी एक काम असतं : वरच्या व्यवस्थापनाला संग्रह म्हणजे विकायची मालमत्ता वाटू नये हे बघणं. २००९ साली अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाने रोझ कलासंग्रहालय बंद करून संग्रह विकायचा ठराव केला. निषेध झाले, खटला झाला, २०११ला तडजोड होऊन संग्रहालय टिकलं. दानपत्रात काय लिहिलं होतं हे अशा वेळी निर्णायक ठरतं, म्हणजे पुन्हा दोन_बी यांच्या कपाटातली फाइल.

अभ्रकपान

सगळ्यांचे आभार. शेवटचं : मुलाखतीत उमेदवाराने काय विचारावं?

दोन_बी

शेवटची पूर्ण पडताळणी कधी झाली. वस्तूची जागा बदलली की नोंद कोण करतं; तीन जणांनी तीन उत्तरं दिली तर पहिलं वर्ष शोधाशोधीत जाणार हे समजा. साठवणीच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत. प्रिपरेटरच्या पदाला दुसरा माणूस कायम आहे की 'गरजेनुसार'. मोठं चित्र एकट्याने उतरवत नाहीत.

पाणसळ

+१. आणि विद्यार्थ्यांचं पदवी प्रदर्शन कोण सांभाळतं तेही विचारा. तिथे ओली माती, गवत, पाव, धान्य, झाडाच्या फांद्या असं सगळं येतं आणि साठवणीच्या दारावरून जातं. सेंद्रिय सामान आधी गोठवून किंवा वेगळ्या खोलीत काही आठवडे ठेवूनच आत. ओला तैलरंग असेल तर चित्रांमध्ये अंतर, टिश्यू टेकवायचा नाही. प्रत्येक विद्यार्थ्याकडून आधी लेखी : वजन, वीज किती लागते, कोण जोडणार, कोणत्या तारखेला काढून नेणार आणि नाही नेलं तर काय.

दोन_बी

तो शेवटचा मुद्दा ठळक करा. पदवी घेऊन मुलं गावोगाव जातात आणि कामं तळघरात राहतात. दहा वर्षांनी तीच 'संग्रहात सापडलेली, कागदपत्र नाही' या रकान्यात येतात. टाकता येत नाहीत, ठेवायला जागा नसते. करारावर विद्यापीठाचा ईमेल घेऊ नका, तो पदवीनंतर बंद होतो. खाजगी ईमेल आणि घरचा पत्ता घ्या.